परतीचे तिकीट

बदलीच्या निमित्ताने ओरत्तनाडूजवळच्या एका खेड्यात आम्ही बिऱ्हाड केले, त्या दिवशी शेजारच्या म्हातारबाईंनी आधी पितळी पेल्यातून कॉफी आणून दिली आणि मग विचारले, "किती दिवस राहणार?" परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांना हा प्रश्न नवा नाही. आमच्या मनात त्याने घर केले ते मात्र पुढे, तोच प्रश्न परदेशात कॉफीवाचून विचारला गेला तेव्हा.

2023 साली कार्यालयाची रीतसर पूर्वपरवानगी घेऊन (सरकारी नोकराला स्वदेशाबाहेर पडण्यासही व्हिसा लागतो, असे आम्ही थट्टेने म्हणत असतो) आम्ही तिरुचिरापल्लीहून क्वालालंपूरमार्गे बाली बेटावर गेलो. तेथील व्हिसा विमानतळावर उतरल्यावर मिळतो. पाच लाख रुपिया, म्हणजे आपले सुमारे पावणेतीन हजार रुपये, एका खिडकीत भरावयाचे आणि दुसऱ्या खिडकीपुढे रांगेत उभे राहावयाचे. तेथील तरुण अधिकाऱ्याने दोनच गोष्टी विचारल्या : किती दिवस राहणार, आणि परतीचे तिकीट कोठे आहे? तिकीट दाखवले, तीस दिवसांचा शिक्का बसला. आमचे नाव, शिक्षण, शील यांची त्याला काही गरज नव्हती. आम्ही परत जाऊ, एवढी खात्री त्याला पुरेशी होती.

या प्रश्नात अन्याय आहे काय? निदान तंजावरच्या मराठ्यांनी तरी तसे म्हणू नये. विजापूरच्या आदिलशहाने व्यंकोजीराजांना या मुलखात धाडले ते मदुरेकरांच्या ताब्यातून तंजावर सोडवून नायक घराण्याच्या वारसास गादीवर बसवण्यासाठी. काम झाले, परंतु पाहुणे परत गेले नाहीत. 1676 च्या सुमारास ते स्वतःच गादीवर बसले आणि त्यांच्या वंशाने येथे पावणेदोनशे वर्षे काढली. समुद्रापलीकडची गोष्टही अशीच आहे. श्रीविजयच्या राजाला नागपट्टिनम येथे बौद्ध विहार बांधू देऊन राजराज चोळाने त्यासाठी आनैमंगलम् हे गाव तोडून दिले; आणि 1025 साली त्याच्याच पुत्राचे आरमार श्रीविजयवर चालून गेले. आगंतुकाविषयी यजमानाच्या मनात भय असते ते अकारण नसते. दाराशी उभे राहून "किती दिवस?" असे विचारण्याचा हक्क घरधन्याला आहे, हे आम्ही मान्य करतो.

तथापि याच व्यंकोजींच्या वंशातील दुसऱ्या सरफोजीराजांनी 1801 साली इंग्रज रेसिडेंटास लिहिलेले एक पत्र आहे. राज्यकारभार तेव्हा कंपनीच्या हाती गेलेला होता, आणि रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांचे उत्पन्नही जाईल अशी राजांना भीती होती. म्हणून त्यांनी छत्रात काय चालते ते तपशीलवार कळवले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूला भात मिळतो. शिजवलेला नको असेल त्याला शिधा मिळतो. आजाऱ्यास वैद्य आहे. वाटेत बाळंत होणारीची सोय आहे, आणि आईबाप दगावले तर पोर छत्रातच वाढते, शिकते. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करतात की, कोणी उपाशी राहिला असेल त्याने यावे. पुढच्याच वर्षी आमच्या ओरत्तनाडूस मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. पंगतीत जातिभेद पाळला जात असणारच. त्या काळाला आम्ही सोवळे ठरवू इच्छीत नाही. परंतु जो चालू शकत नाही त्याला "परत कधी जाणार?" असे विचारून आत घेण्याची रीत त्या पत्रात दिसत नाही.

येथे आम्ही अडखळलो. बालीच्या खिडकीत आमचे स्वागत झाले ते आम्हांला त्या स्वागताची निकड नव्हती म्हणून. ज्याला घर आहे, नोकरी आहे, परतीचे भाडे आहे, त्याच्यासाठी दार उघडे. ज्याच्यामागे घर उरलेले नाही त्याच्यासाठी बंद. छत्राचे दार नेमके उलट्या बाजूने उघडत असे.

सरफोजी गादीवर येण्यापूर्वी तीनच वर्षे, 1795 साली, कांट या जर्मन तत्त्वज्ञाने शाश्वत शांततेवरील निबंधात या प्रश्नाला हात घातला होता. पृथ्वी गोल आहे, माणसे अनंत दूर पांगू शकत नाहीत, म्हणून परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्यास शत्रू समजू नये, असे तो म्हणतो. त्याला कायमचे ठेवून घेण्याचे बंधन यजमानावर नाही, त्यास परत धाडता येते. मात्र त्यात त्याचा नाश होणार नसेल तरच. ही अखेरची अट कोणत्याही खिडकीवर लिहिलेली आम्ही पाहिली नाही. आमच्या स्वतःच्याही नाही.

कारण आम्हीही एका खिडकीमागे बसतो. गेल्या पावसाळ्यात एक तरुण अर्ज घेऊन आला. त्याचे आईबाप 1990 साली लंकेतून होडीने आले. तो स्वतः 1995 चा, याच जिल्ह्यातला जन्म. तमिळ आमच्यापेक्षा शतपटीने शुद्ध, अक्षर मोत्यासारखे. परंतु 1 जुलै 1987 नंतर जन्मलेल्यास केवळ जन्माने नागरिकत्व मिळत नाही, आईबापांपैकी एक तरी भारतीय नागरिक असावा लागतो. आणि 2019 च्या दुरुस्तीत ज्या तीन देशांची नावे आली त्यांत श्रीलंका नाही. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात त्याने काहीच लिहिले नव्हते. आम्ही तेथे बोट ठेवले. तो म्हणाला, "साहेब, मी येथून कधी कोठे गेलेलोच नाही, परत कोठे जाऊ?"

आम्ही अर्ज परत केला. नियमाने ते बरोबरच होते, आणि वेगळे काही करण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण समोरची खुर्ची रिकामी होती आणि तो सगळा वेळ उभा होता, हे आमच्या ध्यानात आले ते तो नमस्कार करून निघून गेल्यावर. पुढच्या खेपेस त्याला बसवून घ्यायचे, कॉफी मागवायची आणि वरिष्ठांकडे त्याच्या वतीने एक टिपण पाठवायचे, असे आम्ही ठरवले. टिपणाचा मसुदा खणात तयार आहे. तो अद्याप आलेला नाही.