दारूची अब्रू

आमच्या भंडाऱ्याकडे दारूच्या दुकानात माणूस कसा जातो, हे बघण्यासारखं असतं. आधी तो रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर टाकतो. मग दुपट्टा तोंडावर ओढतो. जाळीतून पैसे आत, बाटली बाहेर. एक शब्द नाही. बाटली पेपरात, पेपर पिशवीत. मोहाची घेणारा तर त्याहून चोरटा. तो नाल्याच्या कडेनं जातो, अंधार पडल्यावर. गंमत अशी की हीच माणसं परत येताना भर रस्त्यानं ओरडत येतात. लाज जाताना असते, येताना नसते.

जपानातल्या ताकायामा या डोंगरातल्या गावात मी वेगळं पाहिलं. पुतण्या नागोयाला नोकरीला आहे, त्यानं नेलं. जुन्या लाकडी घरांची गल्ली, आणि त्यात साके करणाऱ्यांची दुकानं. साके म्हणजे तांदळाची दारू. दारावर हिरव्या डहाळ्यांचा एक गच्च गोळा टांगलेला. नवी साके तयार झाली की तो टांगतात. जसजसा तो वाळून तपकिरी होतो, तसतशी आतली साके मुरत जाते. ज्या झाडाच्या डहाळ्या, त्याचं नाव सुगी. आपल्याकडे सुगी म्हणजे धान घरी येण्याचे दिवस. शब्द योगायोगानं जुळले, पण धानाच्या पट्ट्यातल्या माणसाला तेवढं पुरे होतं.

आत गेलो तर दारूच्या दुकानात आहोत असं वाटेचना. एका बाजूला बाटल्या, दुसऱ्या बाजूला गावच्या कारागिरांचं काम: एकाच लाकडातून कोरलेली, रंग न दिलेली जनावरं, लाकडाच्या रेषा दिसाव्यात इतक्या पारदर्शक लाखेची तबकं, तोंडावर नाक-डोळे नसलेल्या लाल बाहुल्या. चव बघायला पांढरा पेला. त्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळं. साके किती नितळ आहे, ते त्या निळ्यावर कळतं. म्हाताऱ्या दुकानदारानं पेला भरायच्या आधी काहीतरी विचारलं. पुतण्या म्हणाला, "काका, गाडी कोण चालवणार, असं विचारताहेत." चालवणार तोच होता. त्याच्यासमोर पेला आलाच नाही. तिथे २००७ पासून गाडी चालवणाऱ्याला दारू देणाराही कायद्यानं दोषी धरला जातो.

मी ओठ ओले केले. खरं सांगायचं तर चवीपेक्षा तांदळातच माझा जीव अडकला. उंची साकेसाठी तांदूळ इतका घासतात की दाणा निम्मा किंवा त्याहून कमी उरतो. रोवणीच्या चिखलात कंबर मोडलेल्या माणसाच्या पोटात हे ऐकून कालवतं. पण घासलेलं पीठ वाया जात नाही. त्याच्या कुरकुरीत चकत्या होतात, कोंडा जनावरांना, लोणच्याला जातो. उरलेला दाणा वाफवून त्यावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ती तांदळातल्या पिठाची साखर करते, आणि त्याच पिंपात दुसरे जंतू त्या साखरेची दारू करतात. हे काम हिवाळ्यातलं. पूर्वी ते करणारे मुख्य कारागीर बहुतेक शेतकरीच असत. शेतं बर्फाखाली गेली की घर सोडून गावोगावी जायचे. २०२४च्या डिसेंबरात युनेस्कोनं या विद्येला मानवजातीचा वारसा म्हटलं.

आणि मला आमच्याकडची मोहाची बाई आठवली. नाव सांगत नाही. विधवा, दोन पोरं. पहाटे टोपली घेऊन जंगलात, फुलं वेचायची, वाळवायची, सडवा घालायचा. किती दिवसांनी सडवा 'आला' हे ती नुसत्या वासावर सांगायची. मोहाच्या फुलात साखर आधीच असते, म्हणून त्याला कोजी लागत नाही. पण जाळ किती आणि कुठं थांबायचं, हे हातालाच कळावं लागतं. ही विद्या नाही तर काय? तिला मात्र कुणी कारागीर म्हटलं नाही. तिची मडकी फोडली जायची. जो पिऊन घरी बायकोला मारायचा, त्याचं मडकं कुणी फोडलं नाही.

म्हणून प्रश्न पडतो: एकाच्या हातची दारू वारसा आणि दुसरीच्या हातची गुन्हा, हे ठरवतं कोण?

सहज उत्तर असं की, त्यांनी आपलं जपलं, आपण आपल्याचीच लाज धरली. पण हे अर्धंच खरं आहे. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८९२ साली खास मोहफुलांवर कायदा केला, हे खरं. आणि जपानातही सरकारनं १८९९ साली शेतकऱ्याला घरी दारू करायला बंदी घातली, हेही तितकंच खरं. घरोघरी होणारी दाट, गढूळ 'दोबुरोकू' एका फटक्यात गुन्हा झाली, कारण दारूवरचा कर सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार होता. परवानेवाल्याचा मान वाढला, घरच्या मडक्याचा गेला. ठराविक भागांत शेतकऱ्यांना पुन्हा परवाना मिळायला २००३ साल उजाडलं. म्हणजे अब्रू पुष्कळदा कागदावर मिळते, आणि तो कागद गरिबाच्या हाती शेवटी येतो.

एवढं पटल्यावर मी आमच्या काकूला म्हणालो, की मोहालाही असाच मान मिळायला हवा. तिनं सुपातलं धान पाखडत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दारू चांगली का खराब, थे पिनाऱ्याले नको विचारू. त्याच्या घरच्या बाईले विचार."

या वाक्यापुढे युनेस्कोचा कागद फडफडतो. मान मिळाला म्हणून दारूचा गुण बदलत नाही. जपानलाही २०१३ साली दारूनं होणाऱ्या आजारांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आणि २०२२ साली त्यांच्याच करखात्यानं तरुणांचं पिणं कमी झालं म्हणून खप वाढवायच्या कल्पना मागवल्या. तिजोरीला बाईचं दुःख दिसत नाही, ना इथं ना तिथं. आपल्याकडे निदान एक सोय आहे: गावातल्या पंचवीस टक्के बायांनी मागणी केली तर मतदान होतं, आणि निम्म्याहून जास्त मतं पडली तर बाटली आडवी. ती आडवी करणाऱ्या बाया कारागिरीच्या वैरी नसतात. त्यांना रात्री झोप हवी असते.

मग दोन्ही खरं धरायचं कसं? मला वाटतं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. हाताच्या विद्येचा हिशेब विद्येनं करावा; तिथं ताकायामाचा म्हातारा आणि आमची मोहाची बाई एका पंगतीला बसतात. घराचा हिशेब घरानं करावा. तिथं मोठ्या वारशालाही बाईच्या होकाराशिवाय उंबरठा ओलांडता येऊ नये. आपण उलटं करतो. घराचं नुकसान झालं की राग विद्येवर काढतो, तोही सगळ्यात गरीब हातावर.

लाजेनं दारू कमी होत नाही, नुसती घाईनं आणि अंधारात प्यायली जाते. मान मिळाला की पेला लहान होतो, उजेडात येतो. पण तो मान पेलायला विकणाऱ्याच्या तोंडात 'बस' हा शब्द असावा लागतो. गाडी कोण चालवणार, हे जो आधी विचारतो, त्यालाच आपल्या बाटलीचा अभिमान सांगायचा हक्क आहे. आमच्या मोहाला असा दुकानदार मिळेल, त्या दिवशी मी त्याच्या अब्रूसाठी भांडेन. तोवर काकूचं मत आधी मोजायचं.