गल्ल्यावरचा माणूस

दुर्गापूजेच्या आधीचे आठ-दहा दिवस बालीगंजात पाय ठेवायला जागा नसते. गडियाहाटच्या पदपथावर साड्यांचे ढीग, एकडालियाच्या मंडपाचे बांबू, आणि या गर्दीत दशकर्मा भांडारासमोर लागलेली वेगळीच रांग. दशकर्मा भांडार म्हणजे पूजासाहित्याचं दुकान. पुरोहितांनी लिहून दिलेली यादी, इथे तिला फर्द म्हणतात, गिऱ्हाईक पुढे करतं आणि दुकानदार एकेक जिन्नस पुडीत बांधत जातो : शेंदूर, पंचशस्य, पंचरत्न, पाच रंगांची पूड, तीळ, हिरडा, मध. या फर्दीत अगदी वरच्या बाजूला एक नाव असतं, सिद्धी. सिद्धी म्हणजे भांगेची वाळलेली पानं. चिमूटभर पूजेला लागतात. शिवाय विजयादशमीला विसर्जन आटोपलं, थोरांच्या पाया पडून झालं, बरोबरीच्यांना कोलाकुली म्हणजे आलिंगन देऊन झालं, की नारळाच्या लाडवांबरोबर सिद्धीचं सरबत जिभेला लावायचं, ही जुन्या बंगाली घरांतली रीत.

त्याच झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, आणि राळ म्हणजे चरस. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने या दोन्हींवर बंदी आहे. पान मात्र, फुलोऱ्याशिवाय असेल तर, त्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. ते राज्याच्या अबकारी कायद्याकडे जातं. त्यामुळे जैसलमेरच्या किल्ल्याच्या दारापाशी ‘सरकारी’ अशी पाटी लावलेलं भांगेचं दुकान परदेशी पाहुण्यांना बोलावतं, काशीत परवान्याची दुकानं चालतात, आणि आपल्या महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगणंसुद्धा गुन्हा ठरतो. झाड तेच, पण एका जागी दुकान आहे आणि दुसऱ्या जागी नाही. मला बोलायचं आहे ते या दुकानाबद्दल.

नशेच्या मालावर निर्बंध आणायचे म्हटलं की चर्चा मालाभोवतीच फिरते. तो किती वाईट, किती औषधी, किती जुना. कायद्याचा हात मात्र सर्वांत आधी पडतो तो दुकानावर, कारण सरकारला तेवढंच दिसतं. दुकानाला पत्ता असतो, पाटी असते, भाडं असतं, वीजबिल असतं, आणि गल्ल्यावर एक माणूस बसलेला असतो. त्याला विचारता येतं : काय विकलंस, किती विकलंस, कुणाला विकलंस, त्या पोराचं वय पाहिलंस का. चुकला तर त्याचा परवाना जातो, म्हणून तो जपून वागतो. तोच गल्ल्यावरून उठला, तर सरकारला विचारायला कुणी उरत नाही. मग फक्त पाठलाग उरतो. निर्बंधाचा प्रत्येक प्रस्ताव मी याच एका प्रश्नावर तपासून पाहते : यानंतर गल्ल्यावर कुणी बसलेलं असेल का?

हा प्रश्न कोलकात्याला नवा नाही. १८९३च्या मार्च महिन्यात ब्रिटिश संसदेत बंगालमधल्या गांजाच्या व्यापाराविषयी प्रश्न निघाला आणि त्यातून भारतीय भांग-गांजा आयोग नेमला गेला. सात सदस्य, त्यांपैकी तिघे भारतीय. पहिली बैठक त्याच ऑगस्टात कोलकात्यात झाली. वर्षभरात देशभर फिरून त्यांनी १,१९३ साक्षी नोंदवल्या. त्या प्रचंड अहवालातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. गांजाने माणूस वेडा होतो याला तेव्हा पुरावा दिला जाई तो वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांचा. आयोगाने त्या वह्या मुळापर्यंत तपासल्या. ‘वेडाचे कारण’ या रकान्यात ‘गांजा’ लिहिलेलं असे खरं, पण ते बहुतेक वेळा डॉक्टरच्या तपासणीतून आलेलं नव्हतं. रोग्याला आणून सोडणाऱ्या पोलिसांच्या कागदावर जे लिहिलेलं असे तेच कारकून उतरवून घेई. रकाना रिकामा ठेवायचा नसतो, म्हणून भरलेला. देशाचं धोरण अशा रकान्यावर उभं राहू पाहत होतं.

आयोगाने संपूर्ण बंदीची शिफारस केली नाही. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, आणि बंदी आणली तर लोक याहून घातक गोष्टींकडे वळतील, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी सुचवलेल्या गोष्टी सगळ्या गल्ल्याजवळच्या होत्या : कर पुरेसा ठेवा, परवाने मोजके द्या, एका माणसाला एका वेळी किती बाळगता येईल ते ठरवा, दुकान कुठे असावं याबाबत वस्तीतल्या लोकांचं मत घ्या. आजही कुठल्याही नगरपालिकेला पुरेल इतकी ही यादी शहाणी आहे.

त्या काळी बंगालमध्ये कायदेशीर गांजा येई तो मुख्यतः राजशाही भागातल्या नौगावहून. लागवड त्या एका टापूतच, तीही परवान्याने. मादी झाडालाच राळेचा फुलोरा येतो, म्हणून शेतातली नर झाडं वेळेवर ओळखून उपटावी लागत. या कामाला खास पारखी असत, लोक त्यांना पोद्दार म्हणत. कापणीनंतर झाडं उन्हात पसरून, ओळीने उभे राहून, पायांनी तुडवत चपटी करायची. तो ‘चपटा’ गांजा. हातापायांनी वळलेला तो ‘गोल’, आणि उरलेला ‘चूर’. तिघांचा कर वेगळा. माल सरकारी गोदामात जाई, तिथे वजन होई, आणि मग परवानेदार दुकानात येई. १९१७ साली तिथल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था निघाली. तिने शाळा चालवल्या, दवाखाने चालवले, मशिदी आणि देवळांना हातभार लावला. फाळणीने नौगाव पलीकडे गेलं. पुढे १९८०च्या दशकात बांगलादेशानेही ती लागवड बंद केली. आपल्याकडे नगर जिल्ह्यात आणि मध्य प्रांतात खांडव्याजवळ अशीच शेती होती, तिचीही पुढे तीच गत झाली.

१९६१च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही करताना भारताने सवलत मागून घेतली होती. करार १९६४ साली लागू झाला आणि गांजाचा बिगर-औषधी वापर थांबवायला तिथून २५ वर्षांची मुदत मिळाली. मुदत संपत आली तेव्हा १९८५चा कायदा झाला, १४ नोव्हेंबरपासून अंमलात आला, आणि परवान्याची गांजादुकानं पुढच्या काही वर्षांत मिटली. त्या कायद्यात व्यसनाधीन माणसासाठी उपचारकेंद्रांची तरतूद आहे. दुकानदाराचं पुढे काय, याबद्दल एक ओळही नाही. गांजा मात्र कुठे गेला नाही. दर जानेवारीत गंगासागरला निघालेले साधू बाबूघाटावर तळ देतात, चिलमी पेटतात, देशोदेशीचे पर्यटक कॅमेरे घेऊन भोवती फिरतात आणि पोलीस दुसरीकडे बघतात. केंदुलीच्या बाउल मेळ्यातही हेच. ही उदारता म्हणावी तर ती त्या दिवशीच्या शिपायाच्या मर्जीवर अवलंबून असते. साधूला मिळते, झोपडपट्टीतल्या पोराला मिळत नाही. परवान्यावर लिहिलेला नियम दोघांना सारखा लागू होतो, मर्जी होत नाही. आणि आपल्याकडे धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या डोंगराळ पट्ट्यात गांजाची शेती पकडल्याच्या बातम्या येतच राहतात. म्हणजे पीकही आहे आणि गिऱ्हाईकही आहे, नाही ती फक्त मधली कायदेशीर कडी.

पर्यटकांचा मुद्दा इथून उलगडतो. स्थानिक माणसाला दुकान नसलं तरी चालून जातं. त्याची ओळख असते, विश्वासाचा माणूस असतो, फसवलं तर गल्लीत जाऊन जाब विचारता येतो. पर्यटकाकडे यांतलं काही नाही. त्याला भाषा येत नाही, भाव ठाऊक नाही, आणि परवा तो निघून जाणार आहे. म्हणजे दुकानाची खरी गरज त्यालाच अधिक. निर्बंध आणताना मात्र बहुतेक सरकारं पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच घालतात, कारण त्याला मत नसतं.

नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्त शहर याचं उत्तम उदाहरण. बेल्जियम आणि जर्मनीच्या सीमा हाकेच्या अंतरावर. शहरातल्या १४ कॉफीशॉपांत, म्हणजे गांजा विकायची मुभा असलेल्या दुकानांत, दिवसाला सुमारे १०,००० गिऱ्हाइकं येत आणि त्यांतली ७० टक्के देशाबाहेरची, असे आकडे युरोपीय न्यायालयासमोर आले होते. इतक्या गाड्या, इतका गोंगाट, रस्त्यात दलालांचा त्रास. शहराने म्हटलं, दुकानं फक्त रहिवाशांसाठी. एका कॉफीशॉपचालकाने आव्हान दिलं, पण १६ डिसेंबर २०१० रोजी न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. नागरिकांची तक्रार खरी होती आणि मी ती हलकी मानत नाही. कुणाच्या दारासमोर रात्री बारा वाजता परक्या गाड्या उभ्या राहिल्या तर त्याला शांततेचा हक्क आहेच.

पण १ मे २०१२ पासून देशाच्या दक्षिणेकडे सभासदत्वाचा पास सक्तीचा झाला तेव्हा काय घडलं ते पाहा. दुकान म्हणजे क्लब, सभासद जास्तीत जास्त २,०००, नाव नोंदवलेलं हवं. परदेशी लोक दुकानाबाहेर पडले, हे अपेक्षितच होतं. पण गावातल्या कित्येकांनीही नाव नोंदवायला नकार दिला. अशा यादीत आपलं नाव कुणाला हवं? मालकाला कळलं तर? विमा कंपनीला कळलं तर? तेही रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे वळले. दुकानदाराला अठरा वर्षांखालच्याला विकायची मनाई होती, एका वेळी पाच ग्रॅमपेक्षा जास्त द्यायची मनाई होती, इतर कुठलंही मादक द्रव्य ठेवायची मनाई होती. रस्त्यावरच्या माणसाला यांतली एकही मनाई नव्हती. वर्ष संपायच्या आत पास रद्द झाला. फक्त रहिवाशांना विकण्याचा नियम राहिला, पण तो किती कडकपणे पाळायचा हे नगरपालिकांवर सोडलं. मास्ट्रिख्तने तो ठेवला, ॲमस्टरडॅमने नाही. २०२१च्या जानेवारीत ॲमस्टरडॅमच्या महापौरांनी परदेशी पर्यटकांना कॉफीशॉपबंदी सुचवली, तेव्हा विरोध झाला तो गिऱ्हाईक रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे वळेल याच भीतीने. अखेर २०२३ साली शहराने वेश्यावस्तीच्या भागात रस्त्यावर गांजा ओढायला बंदी केली. मला हा मार्ग बरोबर वाटतो. ज्या गोष्टीचा शेजाऱ्याला त्रास होतो तीच थांबवली, आणि गल्ल्यावरचा माणूस जागेवर राहिला.

पर्यटनाची दुसरी बाजू आपल्या शेजारी आहे. काठमांडूत झोछेंच्या गल्लीला परदेशी लोक फ्रीक स्ट्रीट म्हणत. तिथे चरस-गांजाची परवानेदार दुकानं होती, त्यांच्या जाहिरातींची कॅलेंडरं छापली जात. १९७३च्या जुलैमध्ये सरकारने सगळे परवाने एका फटक्यात रद्द केले. त्यामागे अमेरिकेचा दबाव होता. हिप्पी पांगले, झोछेंच्या लॉजवाल्यांचं आणि खाणावळवाल्यांचं गिऱ्हाईक गेलं. नेपाळचं पर्यटन मात्र बुडालं नाही. गिर्यारोहण आणि ट्रेकिंगच्या जोरावर ते वाढलं आणि काठमांडूतल्याच थामेलला सरकलं. देशाच्या हिशेबात जमा दिसली, पण त्या एका गल्लीच्या वहीत खोट आली ती आलीच. पर्यटनाचे आकडे शहराचे किंवा देशाचे असतात, आणि तोटा नेहमी एका गल्लीचा असतो. म्हणून निर्बंधाने पर्यटन बुडेल असं ओरडणारा दुकानदार आणि पर्यटन वाढतंच आहे असं सांगणारा मंत्री, दोघंही खरं बोलत असू शकतात. गोव्यात २०२०च्या अखेरीस औषधी गांजाच्या लागवडीचा नुसता प्रस्ताव आला तेव्हाही राज्याची प्रतिमा यावरच वाद पेटला. हणजूणच्या किनाऱ्यावर आज कोण कुणाला काय विकतो आणि त्याला जबाबदार कोण, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

आता हा विषय कोलकात्याच्या अगदी जवळ आला आहे. इथून बँकॉक अडीच तासांवर, आणि बालीगंजातली तरुण मुलं दिवाळीच्या सुट्टीत दार्जिलिंगइतक्या सहजपणे तिकडे जातात. थायलंडने ९ जून २०२२ रोजी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. नियम आधी आणि दुकानं मागून असं व्हायला हवं होतं, झालं उलट. सुमारे १८,००० दुकानं उघडली. वीस वर्षांखालच्यांना आणि गर्भवतींना विकू नये, हा नियमसुद्धा मागाहून आला. लहान मुलांच्या हाती माल पडल्याच्या तक्रारी आल्या, परदेशातून तस्करीचे आक्षेप आले, आणि २०२५च्या जूनमध्ये आरोग्य मंत्रालयाने फतवा काढला : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय फुलोरा विकायचा नाही.

अशा दुकानात कर्ज काढून काचेची कपाटं बसवणारा थाई दुकानदार मला परका वाटत नाही. सरकारनेच सांगितलं म्हणून त्याने दुकान टाकलं, आणि तीन वर्षांनी त्याच सरकारने वेगळं सांगितलं. वयाची अट कडक करा, शाळेपासून अंतर ठेवा, दुकानांची संख्या निम्म्यावर आणा, मालाची तपासणी करा, वेळ ठरवून द्या, यातल्या प्रत्येक गोष्टीला माझा पाठिंबा आहे. चिठ्ठीच्या अटीला नाही. कारण सुट्टीवर आलेला माणूस चिठ्ठीसाठी दवाखान्यात बसणार नाही. मोठी साखळीदुकानं पगारी वैद्य ठेवतील आणि त्या चिठ्ठ्या फाडत बसतील. छोट्याला ते परवडणार नाही, त्याचं शटर खाली येईल. मग बँकॉकच्या खाओ सान रस्त्यावरच्या गेस्टहाऊसात उतरलेला आपल्या गडियाहाटचा एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री अकराला ज्याला विचारेल, तो त्याचं वय विचारणार नाही, पुडीत काय आहे ते सांगणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी मुलाची तब्येत बिघडली तर त्याच्या आईला तिथे जाऊन जाब विचारावा असा पत्ताही सापडणार नाही.