सज्जनाला भय कशाचे?

सरकारची गुप्तचर खाती नागरिकांच्या मोबाईलमध्ये आणि संगणकात शिरतात, अशी बातमी वृत्तपत्रात आली की आपल्या घराघरांतून एकच उद्गार ऐकू येतो. "शिरेनात का! आपण काही वावगे केलेले नाही. सज्जनाला भय कशाचे?" खानदेशातल्या धर्मग्रामांत हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला आता म्हणीची कळा आली आहे. त्यामागे चांगुलपणा नाही असे नव्हे. ज्याचे व्यवहार स्वच्छ असतात त्याला लपवालपवीची सवयच नसते, आणि दुसऱ्याच्या हेतूविषयी शंका घेणेही त्याला जड जाते. तथापि हा उद्गार कसोटीला कितपत उतरतो, हे पाहणे अगत्याचे झाले आहे.

उदाहरणासाठी फार दूर जावयास नको. आपल्याच जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरचे नेते श्री. एकनाथ खडसे राज्याचे महसूलमंत्री राहिलेले. २०१९ साली ते सत्ताधारी पक्षातच होते. त्या वर्षी राज्य गुप्तवार्ता विभागाने त्यांचा आणि खासदार संजय राऊत यांचा दूरध्वनी बेकायदा ऐकला, असा गुन्हा पुढे सरकार बदलल्यावर, २०२२ साली, मुंबईच्या कुलाबा पोलीस ठाण्यात विभागाच्या तत्कालीन प्रमुख श्रीमती रश्मी शुक्ला यांच्याविरुद्ध नोंदवला गेला. परवानगी मागताना या व्यक्तींची खरी ओळख न देता त्यांचे क्रमांक समाजविघातक लोकांचे म्हणून पुढे करण्यात आले, असा आरोप होता. त्यानंतर पुन्हा सरकार बदलले. खटला चालविण्यास मंजुरी मिळाली नाही आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला.

आम्हांला येथे राजकारणात शिरावयाचे नाही. आरोपांचा साक्षीपुराव्यानिशी निवाडाच झाला नाही. तेव्हा त्या अधिकाऱ्यांना दोषी म्हणण्याचा अधिकार ना आम्हांला, ना वाचकांना. दुसऱ्याच्या सुनावाचा मान राखण्याचे कर्तव्य पोलीस अधिकाऱ्यांच्या बाबतीतही तितकेच लागू आहे. परंतु एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. एका सरकारच्या काळात गुन्हा दाखल होतो, दुसऱ्याच्या काळात तो मिटतो, आणि एका माजी मंत्र्यालासुद्धा आपले बोलणे कोणी, कशासाठी ऐकले याचा न्यायालयीन उलगडा होत नाही. मग यावलच्या केळीबागेत राबणाऱ्याला किंवा भुसावळच्या रेल्वे कामगाराला तो कोठून होणार?

कायदा नाही असे मात्र नाही. १८८५ च्या तार कायद्याने परकीय सरकारने ही सत्ता आपल्या हाती घेतली आणि स्वराज्यात ती तशीच चालू राहिली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला काही बंध घातले. आदेश गृहसचिवांच्या पातळीवरचा असावा, त्यास मुदत असावी, आढावा समिती असावी, असे ते बंध होते. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचा दूरध्वनी ऐकण्याचे आदेश रद्द ठरवून ते ध्वनिमुद्रण नष्ट करण्यास फर्माविले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुन्या तार कायद्याची जागा घेतली. मात्र आदेश देणारे सचिव आणि आढावा घेणारेही सचिवच, ही रचना कायम आहे. ज्याचे बोलणे ऐकले जाते त्याला नंतर तरी कळवावे, असे बंधन कोठेच नाही.

राज्यसंस्थेला कान असू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हल्लेखोर सीमेपलीकडील आपल्या सूत्रधारांशी बोलत होते ते पोलिसांनी ऐकले, आणि त्या संभाषणांमुळेही कटाचे मूळ जगासमोर आले. प्रजेचे रक्षण हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, आणि ते पार पाडताना काही दारांना कान लावावा लागतो. येथवर आमचा आणि त्या म्हणीचा फारसा वाद नाही.

वाद पुढे आहे. दूरध्वनी ऐकणारा दाराबाहेर उभा असतो. संगणकात किंवा मोबाईलमध्ये शिरणारा घराच्या आत येतो, आणि आत आलेल्याला केवळ कान नसतात, हातही असतात. इस्रायलच्या एनएसओ या कंपनीची पेगासस नावाची आज्ञावली मोबाईलमध्ये घुसली की संदेश, छायाचित्रे, पत्ते सारे वाचू शकते, मालकाच्या नकळत ध्वनिग्राहक आणि कॅमेरा सुरू करू शकते. संदेश वाटेत कुलूपबंद असतो हे खरे, परंतु वाचणारा आपल्याच पडद्यामागे बसलेला असल्यावर त्या कुलपाचा उपयोग काय? २०१९ साली व्हॉट्सॲपने जगभरातील सुमारे १,४०० जणांना या आज्ञावलीने लक्ष्य केल्याचे उघड केले. त्यांत भारतातील वकील, पत्रकार व कार्यकर्ते होते. ही आज्ञावली आपण सरकारांनाच विकतो, असे कंपनी सांगते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली चौकशी समिती नेमली. तिने तपासलेल्या २९ मोबाईलपैकी पाचांत घातक आज्ञावली आढळली. ती पेगाससच होती असे निश्चित म्हणता आले नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे खुद्द सरन्यायाधीशांनी २०२२ साली न्यायालयात सांगितले.

आत शिरलेला हात काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेच्या अगदी जवळचे आहे. फादर स्टॅन स्वामी हे येशूसंघीय धर्मगुरू झारखंडमधील आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांसाठी आयुष्यभर झटले. भीमा-कोरेगाव प्रकरणाच्या तपासात १२ जून २०१९ रोजी पुणे पोलिसांनी रांचीजवळील त्यांच्या निवासातून संगणक ताब्यात घेतला. ८ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना अटक केली, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. कंपवातामुळे हातात पेला धरवत नसे. तळोजा तुरुंगातून रुग्णालयात हलविल्यावर ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते प्रभूघरी गेले. संगणकातील कागदपत्रे आपली नव्हेत, असे ते अटकेपूर्वीच सांगत होते.

अमेरिकेतील आर्सेनल या संगणक-तपासणी संस्थेने बचाव पक्षाच्या वतीने त्या संगणकाच्या प्रतीचे परीक्षण केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये अहवाल दिला. ऑक्टोबर २०१४ पासून कोणी अज्ञात व्यक्ती त्या संगणकात शिरत होती, चाळीसहून अधिक दस्तऐवज तिने त्यात आणून ठेवले, आणि फादरांनी ते कधी उघडल्याची खूण नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. ११ जून २०१९ रोजी, म्हणजे छाप्याच्या आदल्या दिवशी, त्या घुसखोराने आपल्या पाऊलखुणा पुसण्याचा प्रयत्न केला, हेही त्यात नमूद आहे. घुसखोर कोण, हे अहवाल सांगत नाही. तपास यंत्रणेने असे खासगी अहवाल मान्य केलेले नाहीत, आणि न्यायालयात त्याची उलटतपासणी झालेली नाही. म्हणून तो अंतिम सत्य आहे, असा दावा आम्ही करणार नाही. परंतु असे घडणे शक्य आहे, एवढे जरी मान्य केले तरी "सज्जनाला भय कशाचे" या म्हणीचा पायाच ढासळतो. मी काय केले यावर माझे निर्दोषत्व अवलंबून असते, ही त्या म्हणीची समजूत. येथे तर दुसऱ्याने माझ्या नावावर काय लिहून ठेवले यावर ते अवलंबून राहते. आणि सज्जनालाच त्याचा पत्ता अखेरपर्यंत लागत नाही, कारण त्याने न लिहिलेली वही तो उघडून पाहील कशाला?

दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा वाचकांना ठाऊक असेल. (आपल्या प्रोटेस्टंट बांधवांच्या बायबलात हा अध्याय सहसा आढळत नाही.) तिच्यावर टपलेले दोघे कोणी चोर-दरोडेखोर नव्हते, त्या वर्षी नेमलेले न्यायाधीश होते, लोक त्यांच्याकडे न्याय मागायला येत. बागेची दारे लावून घ्या, असे सुसान्ना दासींना सांगते. पण ते दोघे आधीच आत लपलेले असतात. ती त्यांना वश होत नाही, तेव्हा तेच तिच्याविरुद्ध साक्षीदार होतात. त्यांच्या पदाचा मान पाहून सभा त्यांच्यावर विश्वास ठेवते आणि तिला मृत्युदंड होतो. आम्हांला या कथेत नेहमी जाणवते ती एक गोष्ट. चोरून पाहणे आणि खोटी साक्ष देणे ही तेथे दोन वेगळी पापे नाहीत, पहिल्यातूनच दुसरे निघते. सुसान्ना निष्पाप होती. तिच्या निष्पापपणाने तिला वाचवले नाही. वाचवले ते कोवळ्या दानिएलने केलेल्या उलटतपासणीने. त्याने दोघांना वेगळे केले, कोणत्या झाडाखाली पाहिले असे विचारले, आणि दोघांनी दोन वेगळ्या झाडांची नावे घेतली. संगणकाची निःपक्ष तपासणी आणि ऐकणाऱ्यांवर नजर ठेवणारा स्वतंत्र न्यायाधीश यांची मागणी करणारे आज हेच मागत आहेत.

समजा, कोणी काही खोटे पेरले नाही, नुसते वाचले. तरीही काही जातेच. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबाजी गीतेवर प्रवचने देत आणि साने गुरुजी ती लिहून घेत. त्या काळी कैद्याचे पत्र अधिकारी वाचून मगच पुढे धाडी. पण आपले पत्र वाचले जाणार हे कैद्याला ठाऊक असे, आणि त्या बेताने तो लिहीत असे. आज घरात बसलेल्या स्वतंत्र नागरिकाला ते ठाऊक नसते. नवऱ्याच्या व्यसनाने गांजलेली स्त्री रात्री भावाला संदेश पाठवते, नोकरी गेलेला तरुण आखातातून आईपाशी रडतो, कोणी वैद्यकीय अहवाल केवळ बहिणीला दाखवतो. यात गुन्हा कोणताच नाही, पण प्रत्येक शब्द एका ठराविक माणसासाठीच उच्चारलेला असतो. धर्मगुरूला पापनिवेदनातील एक अक्षरही प्राण गेला तरी उघड करता येत नाही, ते पापी माणसाला आसरा देण्यासाठी नव्हे. कोठे तरी निर्धास्तपणे बोलता आले नाही तर माणूस स्वतःशीसुद्धा खरे बोलेनासा होतो. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने मानवी हक्कांमध्ये खासगीपणाच्या रक्षणाचा उल्लेख केला तो १९६५ साली, मोबाईल जन्माला येण्यापूर्वी.

एप्रिल २०२५ मध्ये पेगासस प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा देशाकडे असे साधन असण्यात गैर नाही, ते कोणाविरुद्ध वापरले जाते हा प्रश्न आहे, असे मत पीठाने व्यक्त केले. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्यांच्यावर ते वापरले जाते त्यांना विचारता येत नाही, कारण त्यांना ते माहीत नसते. आणि जे वापरतात ते सांगत नाहीत.

आर्सेनलचा अहवाल आला तेव्हा फादर स्टॅन यांना जाऊन जवळजवळ दीड वर्ष झाले होते. मृत आरोपीवर खटला चालत नाही, म्हणून त्याला निर्दोषही ठरवता येत नाही. त्यांच्या नावावरील कलंक दूर व्हावा यासाठी त्यांचे येशूसंघीय बंधू फादर फ्रेझर मस्करेन्हस यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला.