राक्षसाला नाव देताना

शब्बाथशाळेच्या शिक्षकांकडून एक प्रश्न अधूनमधून येतो. मुलांना गोष्ट सांगताना, जे कधी अस्तित्वातच नव्हते असे माणूस, असा राक्षस किंवा बोलणारा प्राणी आपल्या मनाने रचावा काय? जे घडले नाही ते घडल्यासारखे सांगणे नवव्या आज्ञेविरुद्ध नाही काय?

प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यावर फार वेळ घालवायला नको. शास्ते या पुस्तकाच्या ९व्या अध्यायात योथाम झाडांना बोलायला लावतो. नाथान संदेष्टा दावीद राजापुढे एक कल्पित श्रीमंत उभा करतो. आपल्या प्रभूने तर कितीतरी दाखले रचून सांगितले. नववी आज्ञा कल्पनेविषयी नाही. ती शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याविषयी आहे. खरी गोम या ‘शेजाऱ्याविरुद्ध’ शब्दातच आहे. कल्पित पात्र हे खोटे नव्हे. परंतु त्याला आपण दिलेले नाव आणि चढवलेले रूप ही शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष होऊ शकते.

एकदा नाताळच्या नाटुकलीची तालीम पाहण्याचा प्रसंग आला. नाटुकलीत अंधाराची राणी नावाचे एक कल्पित पात्र होते. ते काम वर्गातील सर्वांत सावळ्या मुलीला दिले होते. कारण विचारले तेव्हा उत्तर हसत हसत मिळाले, “तिला रंग लावावा लागत नाही.” मुलगीही हसली. शिक्षकांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी वर्गातल्या वीस मुलांनी जे शिकून घेतले, ते कोणत्याही सुवर्णवचनापेक्षा जास्त दिवस टिकेल. हेच लंगड्या चेटकिणीचे, कुबड्या चोराचे, आणि ज्याचे आडनाव ऐकताच गल्लीतली एखादी जात किंवा जमात डोळ्यांपुढे येते अशा खलपुरुषाचे.

मग राक्षस रचावा तरी कसा? या कामात जॉन बन्यनसारखा गुरू नाही. हा बेडफर्डकडचा भांडी दुरुस्त करणारा कारागीर. परवानगीवाचून उपदेश केल्याबद्दल १६६० पासून १६७२ पर्यंत तो तुरुंगात होता. त्याच्या यात्रेकरूच्या कथेचा पहिला भाग १६७८ साली निघाला. हरि केशवजी यांनी तो ‘यात्रिक क्रमण’ या नावाने १८४१ सालीच मराठीत आणला. त्यातला निराशा नावाचा राक्षस पाहा. त्याच्या किल्ल्याचे नाव संशय. दोघा यात्रेकरूंना तो अंधारकोठडीत कोंडतो, मारतो, आणि तुम्हीच आपला जीव घ्या म्हणून सुचवतो. पण स्वच्छ ऊन पडले की त्याला झटका येतो आणि त्याच्या हातांतले बळ जाते. कोठडीचे कुलूप ज्या किल्लीने उघडते तिचे नाव अभिवचन, आणि ती पहिल्यापासून यात्रेकरूच्या उराशीच असते! इथे नाव, घर, दुखणे, किल्ली सारे एकाच मुळातून फुटले आहे: निराशा माणसाला काय करते, यातून. राक्षसाचा रंग कोणता, तो कोणत्या गावचा, हे विचारण्याचे कारणच पडत नाही. अपल्लुओनचेही तसेच. माशाचे खवले, अस्वलाचे पाय, सिंहाचे तोंड. असे रूप कोणाच्याही शेजाऱ्याचे नसते.

तरी याच बन्यनचा हात एका ठिकाणी घसरला आहे, आणि आपण तो झाकू नये. मृत्युच्छायेच्या खोऱ्याच्या शेवटी एका गुहेत तो दोन राक्षस दाखवतो. एकाचे नाव पोप, दुसऱ्याचे मूर्तिपूजक. निराशा हे एका पापाचे नाव आहे, ही दोन मात्र माणसांच्या समुदायांची नावे आहेत. त्या काळी इंग्लंडात छळ फार झाला होता, हे कारण समजते. पण गोव्यात किंवा बेळगावात आपली भिंत रोमन कॅथलिक कुटुंबाच्या भिंतीला लागून असते, आणि दुसऱ्या राक्षसाचे नाव तर आपल्यापैकी पुष्कळांच्या पणजोबांना लागू पडले असते. वर्गात हा भाग वाचताना ही दोन नावे मी गाळतो.

सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या कथा (१९५० ते १९५६) हल्ली आपली मुले वाचतात. सिंहाचे नाव अस्लान, म्हणजे तुर्की भाषेत सिंहच. त्यांतही शत्रूराष्ट्राचे लोक सावळे आणि फेटेवाले रंगवले आहेत, आणि त्याबद्दल लेखकाला योग्य तोच बोल लागला आहे. पण शेवटच्या पुस्तकात त्याच राष्ट्राच्या एका तरुण सैनिकाला लुईस यांनी एमेथ हे नाव दिले. इब्री भाषेत त्याचा अर्थ सत्य. अस्लान त्याला स्वीकारतो. या प्रसंगाच्या ईश्वरज्ञानाविषयी मतभेद आहेत, तो वाद इथे नको. एका नावाने सबंध रंगवलेल्या टोळीतून एक माणूस वेगळा काढला, एवढे मात्र दिसते.

प्रभूने हे अधिक खोलवर केले. लूकच्या १६व्या अध्यायात जांभळी वस्त्रे नेसणारा श्रीमंत बिननावाचा राहतो, आणि दाराशी फोडांनी भरलेला भिकारी तेवढा नावाने ओळखला जातो: लाजर, म्हणजे देव ज्याचा साह्यकर्ता. गावात त्या काळी नेमके उलट असणार. श्रीमंताचे नाव सर्वांच्या तोंडी, आणि भिकारी म्हणजे नुसता भिकारी. नाथानाने तर दोघांनाही नाव दिले नाही. त्याने सारी कारागिरी त्या मेंढीच्या कोकरावर खर्च केली. ते गरिबाच्या घासातले खाई, त्याच्या प्याल्यातले पिई, त्याच्या उराशी निजे. श्रीमंताला नाव किंवा ओळखीचा चेहरा असता, तर दावीद तो चेहरा दुसऱ्या कोणावर तरी बसवून मोकळा झाला असता.

बन्यनच्या कथेचा दुसरा भाग १६८४ चा. तो आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. त्यात कुबड्यांवर चालणारा एक जण आहे. त्याचे नाव ३८व्या स्तोत्रातून, ‘पडण्याच्या बेतात आलेला’ अशा अर्थाचे. बन्यनने कुबड्या दिल्या त्या खलपुरुषाला नव्हे, यात्रेकरूला. निराशा राक्षस मारला जातो तेव्हा हा माणूस एका हातात कुबडी धरून, ‘फार भित्री’ नावाच्या मुलीचा हात धरून, रस्त्यातच नाचतो. नव्या वर्षी वर्गात गोष्टी घेणाऱ्या शिक्षकांनी या भागापासून सुरुवात करावी. पहिला भाग मुलांना बहुधा घरी ऐकून ठाऊक असतो.