मडक्याची वाजवी किंमत

शहरातल्या दुकानांत हल्ली हातानं घडवलेली मडकी मांडलेली असतात. सोबत चिठ्ठी : 'फेअर ट्रेड', म्हणजे न्यायाचा व्यापार. कारागिराला वाजवी दाम दिलं, पोरांना राबवलं नाही, असा तिचा दावा. या व्यापाराच्या जागतिक संघटनेची १० तत्त्वं आहेत, त्यांत जातीवरून भेद नको असंही लिहिलंय. चांगलं आहे. कुंभाराच्या पदरात दोन पैसे जादा पडले तर आपलं पोट दुखायचं कारण नाही.

पण चिठ्ठीवर बऱ्याचदा पुढं असतं, पिढ्यान्‌पिढ्या चाक फिरवणारं घराणं. इथं मी अडतो. हे कौतुक हाताचं की रक्ताचं? दाम वाजवी, पण पोराला चाक सोडायची मोकळीक नाही, तर तो न्याय कसला?

मडक्याला आपण चांगलं ओळखतो. पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाच्या गळ्यात थुंकीसाठी मडकंच होतं; बाबासाहेबांनी १९३६ साली, लाहोरच्या मंडळानं होऊ न दिलेल्या भाषणात, ते नोंदवून ठेवलंय. पितळेचं भांडं विटाळलं तर घासून घरात घेत, मातीचं विटाळलं की टाकून देत. आणि महाड तर याच रायगडात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. २० मार्च १९२७ ला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो. मग सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. त्या मातीच्या घागरी कुणीतरी घडवल्या होत्याच की! त्याला कोण विचारतो? बलुतेदार तो.

कुंडलिकेकाठच्या अष्टमीहून पेण काही लांब नाही. पेण, हमरापूर, जोहे, जिकडं बघाल तिकडं गणपतीचे कारखाने. (देव मानायचा की नाही ते २२ प्रतिज्ञांनी १९५६ लाच मिटवलंय. इथं प्रश्न हाताचा.) शाडू गुजरातेतून येतो, बरंचसं काम प्लास्टरवर गेलंय. साच्यातून काढणारा, घासणारा, रंग मारणारा. कैक जातींची माणसं मजुरीला आली आणि बघून बघून शिकली. डोळ्यांची आखणी हातात बसायला वर्षं जातात, पण ती आईच्या पोटातून येत नाही. म्हणजे जातीवाचून कारागिरी जगते. पण असल्या मजुराचा फोटो कुठल्या चिठ्ठीवर येत नाही. त्याच्याकडं घराणं नाही, विकायला गोष्ट नाही. आमच्या गिरणीत मागावर उभ्या माणसाचा तरी कुठं येतो?

सरकारचंही तेच. १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली, १८ धंद्यांत कुंभारही आहे. शिकवणी, हत्यारं, कर्ज, घेणाऱ्यानं जरूर घ्यावं. पण गुरू-शिष्य परंपरा आणि घरातून चालत आलेलं कौशल्य बळकट करायचं, असं तिच्या उद्दिष्टांत आहे. कुंभाराच्या पोरीनं इंजिनियर व्हायचं आणि आपल्यातल्या पोरीनं हौसेनं चाकावर बसायचं, ही तरतूद कुठाय?

तेव्हा मडकं घ्याल तर भाव विचारा, आणि घडवणाऱ्याची पोरं काय शिकतात तेही विचारा. दुकानदार कावराबावरा होईल. होऊ द्या.