पाचांतला एक कर्ता

निवृत्तीनंतर मी सांगलीत गुरुवारच्या गीतावर्गाला जाऊ लागलो. अठरावा अध्याय चालू असताना एका वकीलसाहेबांनी विचारलं, "डॉक्टर, माणसाचा स्वभाव नक्की असतो कुठे हो?" मी पॅथॉलॉजिस्ट. "मेंदूत" म्हणून सुटता आलं असतं, पण तेवढ्यानं आता भागत नाही.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. मूळच्या त्या मेंदूच्या घराण्यातल्या नव्हेत. रोगप्रतिकार करणाऱ्या या पेशी गर्भाच्या पीतककोशातून निघून, मेंदू घडत असतानाच तिथे वस्तीला येतात. रेबीजनं गेलेल्यांच्या मेंदूच्या स्लाइडवर त्यांचे पुंजके मी पाहिले आहेत. मेलेल्या चेतापेशी उचलणारे सफाई कामगार, एवढीच आमच्या पिढीला त्यांची ओळख. २०१२ साली बेथ स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की उंदराच्या पिल्लात डोळ्यांकडून मेंदूत येणाऱ्या चेतातंतूंचे जोडही या पेशी गिळतात, आणि त्यातही कमी वापरातले आधी. तासगावचा बागायतदार द्राक्षवेल छाटतो, तशीच ही छाटणी.

त्याआधी, २०१० साली, मारिओ कापेक्की यांच्या गटानं मायक्रोग्लियाशी निगडित एका जनुकात बिघाड असलेल्या उंदरांवर प्रयोग केला. हे उंदीर केस जाऊन जखमा होईपर्यंत स्वतःचं अंग साफ करत राहत. निरोगी उंदरांची अस्थिमज्जा दिल्यावर त्यातल्या अनेकांचा हा चाळा कमी झाला. खोड मनाची, उतारा हाडातला!

"म्हणजे आमचा अशील सुटला," वकीलसाहेब म्हणाले.

उंदरावरून माणसाचा निकाल लावता येत नाही, हे एक. दुसरं असं, की गीता कर्माची पाच कारणं सांगते: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. या पेशी अधिष्ठानात घाला की करणात, कर्ता यादीतून वगळला जात नाही. त्याचा एकाधिकार तेवढा जातो. "मीच मला घडवलं" म्हणणारा चार कारणं विसरतो आणि "माझ्या हातात काहीच नव्हतं" म्हणणारा एक लपवतो.

म्हणून माझ्यापुरता मी नियम केलाय. शेजारच्या चिडक्या पोराचा हिशेब मांडताना बाकीची चार कारणं आधी मोजायची, आणि स्वतः चिडलो की कर्ता आधी. वकीलसाहेब म्हणाले, "असा दुहेरी कायदा कोर्टात टिकणार नाही." न टिकू दे. मला तो घरात चालवायचा आहे.