परक्याची वेदना खरी मानावी काय?

सावनेर म्हटले की मराठी वाचकाला राम गणेश गडकरी आठवतात. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, क्षयाने जर्जर झालेल्या या नाटककाराने याच गावी देह ठेवला. क्षयाला साक्षीदार लागत नव्हता. खोकला, ताप आणि खंगत जाणारे शरीर हेच त्याचे साक्षीदार होते. परंतु नागपूर-छिंदवाडा मार्गावरील या तालुक्यात असेही एक दुखणे आहे, जे आपला पुरावा बरोबर घेऊन येत नाही. ते म्हणजे कंबरदुखी. कोळशाच्या भूमिगत खाणीत राबणारा कामगार, संत्र्यांच्या पेट्या उचलणारा मजूर, पऱ्हाटीत दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई, या सर्वांना ते ठाऊक आहे.

समजा, असा एक खाण कामगार भौतिकोपचारासाठी, म्हणजे ज्याला आपण फिजिओथेरपी म्हणतो त्यासाठी, येतो. एक्स-रेमध्ये विशेष काही दिसत नाही. कंबर मात्र दुखते, असे तो सांगतो; आणि काही दिवस हलके काम मिळाले तर बरे होईल, असेही सुचवितो. समोर बसलेला तरुण उपचारक नुकताच महाविद्यालयातून बाहेर पडलेला आहे. नागपुरात आणि वर्ध्याजवळच्या सावंगीत या विद्येची महाविद्यालये आहेत. तेथे विद्यार्थी हाडांची, स्नायूंची व मज्जातंतूंची रचना वर्षानुवर्षे घोकतात. पण या क्षणी त्याच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न शरीररचनेचा नाही. हा मनुष्य खरे बोलतो आहे काय, हा तो प्रश्न होय.

आपण सामान्यतः असे समजतो की उपचारकाचे ज्ञान महत्त्वाचे, आणि त्याची वृत्ती हा केवळ वरचा साज. गोड बोलणारा मिळाला तर उत्तम, न मिळाला तरी औषधाचा गुण कमी होत नाही. कंबरदुखीच्या बाबतीत मात्र ही समजूत टिकत नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्या उपचारकांच्या स्वतःच्या मनात पाठीच्या हालचालीविषयी भीती असते, ते रुग्णाला काम व हालचाल कमी करण्याचा सल्ला अधिक देतात, असे त्यात दिसून आले. उपचारकाची धारणा आणि रुग्णाची धारणा यांचाही संबंध त्यात आढळला. म्हणजे वृत्ती हा साज नव्हे. तो उपचाराचाच एक भाग आहे.

‘तुमचा मणका झिजला आहे, आता जपून राहा,’ हे वाक्य घ्या. सांगणारा हितबुद्धीने सांगतो. पण २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यानुसार, ज्यांना कंबरदुखी मुळीच नाही अशा विशीतील ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्यांत झीज दिसते, आणि ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्क्यांवर जाते. झीज ही पुष्कळदा केस पिकण्यासारखी असते. ही गोष्ट न सांगता केवळ ‘झिजला’ एवढेच सांगितले, तर मजूर भीतीने अंग आखडून बसतो. वाकणे सोडतो, मग काम सोडतो, आणि स्नायू दुर्बळ होऊन दुखणे अधिकच घर करते.

याच्या उलट दुसरी वृत्ती आहे, ती संशयाची. गॉर्डन वॉडेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने १९८० साली सहकाऱ्यांसह कंबरदुखीच्या तपासणीतील काही खुणा नोंदविल्या. डोक्यावर हलका दाब दिला असता कंबर दुखल्याचे रुग्णाने सांगणे, ही त्यांपैकी एक. रुग्णाच्या मनावरील ओझ्याकडेही लक्ष द्यावे, हा त्यामागील हेतू होता. परंतु अनेकांनी या खुणांचा वापर ढोंगी ओळखण्यासाठी केला, विशेषतः भरपाईच्या वादांत. अखेर १९९८ साली वॉडेल आणि त्यांचे सहकारी ख्रिस मेन यांना लिहावे लागले की, या खुणा म्हणजे लबाडीची परीक्षा नव्हे. सहानुभूतीसाठी घडविलेले साधन संशयाच्या हाती गेले की त्याचे हत्यार होते, ते असे.

संत थोमाला जखमेत बोट घालून पाहायचे होते, आणि त्याच्यापुढे जखम होती. उपचारकाचा हात तर रोजच रुग्णाच्या पाठीवर असतो; पण तेथे बोट ठेवण्यासारखी जखम बहुधा नसतेच. मग विश्वास कशावर ठेवावा?

येथे आपल्याला दोन चुकांची तुलना करावी लागते. लबाडावर विश्वास ठेवला, तर कोणाचे तरी काही दिवसांचे काम बुडते. हे नुकसान खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ढोंग करणारे नसतातच, असेही नाही. परंतु खऱ्या दुःखिताला ढोंगी ठरविले, तर त्याच्या वेदनेत अपमानाची भर पडते. तो पुन्हा त्या दारात येत नाही, आणि पुढे एखादे गंभीर लक्षण उद्भवले तरी सांगत नाही. पहिली चूक भरून निघते, दुसरी बहुधा निघत नाही. शिवाय दुसऱ्या चुकीची किंमत नेहमी दुर्बळालाच मोजावी लागते.

तथापि विश्वास ठेवणे म्हणजे रुग्णाच्या प्रत्येक भीतीला मान्यता देणे नव्हे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा मनुष्य जेव्हा आपणांस वेदना होते असे सांगतो, तेव्हा त्या कथनाचा आदर करावा, असे स्पष्ट नमूद केले. पण वेदना खरी मानणे वेगळे आणि पाठ मोडली आहे असे मानणे वेगळे. उपचारकाने म्हणावे, ‘तुमचे दुखणे खरे आहे, तरीही हळूहळू चालणे-वाकणे तुम्हांला अपायकारक नाही.’ ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९९७ पासून दूरचित्रवाणीवरून हाच संदेश लोकांना देण्यात आला. तेथे जनतेच्या आणि डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि पाठदुखीच्या भरपाईचे दावे घटले. मात्र दिलासा देताना सत्य दडपता कामा नये. ताप, वजनातील घट, जांघेतील बधिरपणा किंवा लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काही आढळल्यास त्वरित डॉक्टरांकडे पाठविणे हे कर्तव्यच आहे. मणक्याचा क्षय आजही आपल्या देशातून गेलेला नाही.

हा प्रश्न केवळ उपचारकांचा आहे, असे समजून आपण मोकळे होऊ नये. आपल्या घरात आजीचे गुडघे दुखतात, तेव्हा ‘वयच झाले आता’ म्हणून आपण विषय संपवितो. सून कंबर धरून बसली, तर कामाची टाळाटाळ म्हणतो. आणि एखादा दुखण्याला घाबरून अंथरूण धरतो, तेव्हा त्याला मायेने तेथेच ठेवतो. संशय आणि अति जपणूक या दोन्हींत आपण त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकलेलेच नसते. ‘दुखते का?’ एवढेच विचारण्याऐवजी ‘दुखण्यामुळे तुझे काय करायचे राहून गेले आहे?’ असे विचारून पाहावे. खाण कामगार कदाचित सांगेल की, लेकीला खांद्यावर घेता येत नाही. आजी सांगेल की, रविवारी चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत. त्या तरुण उपचारकाने आपला अहवाल येथून लिहावयास सुरुवात करावी, आणि आपणही आजीचा हात धरून पहिली पायरी येथूनच चढावी.